शुद्धीवर यायला लागतो तेवढा वेळ

मी दवाखान्यात ट्रॉली ढकलतो. बावीस वर्षं झाली. माझं नाव हजेरीपुस्तकात आहे, पण ते तिथेच राहतं. तोंडावर सगळे मला मामा म्हणतात. चार वर्षांच्या पोरीपासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांचा मी मामा. एवढ्या भाच्यांचे लाड खरोखरच पुरवावे लागले असते, तर मी कधीच देशोधडीला लागलो असतो.

पण हे माझ्याविषयी नाही, आमच्या रिकव्हरीतल्या सिस्टरांविषयी आहे. फक्त त्यांची गोष्ट सांगताना मध्ये माझं एक गाढवपण येतं. ते गाळून सांगता येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला.

आधी रिकव्हरी म्हणजे काय ते सांगतो. लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं की पेशंट थेट वॉर्डात. तसं नसतं. मध्ये एक लांबट खोली असते, तिच्यात सहा पलंग. तिथे भूल उतरते, श्वास नीट चालू लागतो, दुखणं आटोक्यात येतं, आणि मगच पेशंट वॉर्डात जातो. हे सहा पलंग भरले, की आतल्या टेबलावरचा माणूस बाहेर काढता येत नाही, आणि तो निघाल्याशिवाय पुढचा आत जात नाही. नळ धो धो चालू आणि मोरी तुंबलेली, असा प्रकार. शिवाय चारनंतर नवं ऑपरेशन सुरू करायचं नाही असा नियम. मग यादीतल्या शेवटच्या माणसाला सांगायचं, आज नाही, पुढल्या वेळी. तो बिचारा सकाळपासून उपाशी. हे सांगायचं काम डॉक्टरांचं, आणि त्याचा पडलेला चेहरा बघत त्याला परत न्यायचं काम आमचं.

या सहा पलंगांच्या मालकीण म्हणजे आमच्या सिस्टर. सगळा दवाखाना त्यांना मोजेवाल्या सिस्टर म्हणतो. बाई बुटक्या, पायाला भिंगरी, आणि बोलणं असं की शब्दाला जकात लागते जणू. नवरा बसगाड्या दुरुस्त करतो. तो एकदा मला म्हणाला, "आमच्या घरात इंजिन एकच आहे मामा, आणि ते मी नाही." डबा उभ्यानेच खातात. झोपलेल्या पेशंटलाही अहो-जाहो करतात. आणि सासूबाईंशी त्यांचं चांगलं जमतं, हे मी सांगितल्यावर आमच्या हिने माझ्याकडे असं बघितलं, की मी ताबडतोब विषय बदलला.

मोज्यांचं कारण सासूबाईच. ऑपरेशनच्या खोलीत गारठा फार. पेशंट बाहेर येतो तो कुडकुडत, आणि कुडकुडणारा माणूस लवकर सावरत नाही. हे सिस्टरांनी कधीतरी घरी सांगितलं आणि म्हातारीने विणायला घेतलं. हाताला लागेल ती लोकर, त्यामुळे जोड जुळेलच याची खात्री नाही. एका पायात हिरवा आणि एका पायात तपकिरी मोजा घातलेले एक वकील मी स्वतः वॉर्डात नेले आहेत. त्यांनी तक्रार केली नाही. मोजेही परत केले नाहीत.

दुसरी एक सवय सांगितली पाहिजे. सिस्टर पेशंटला कधीच "बरं आहे ना?" असं विचारत नाहीत. "दुखणं किती? चिमटा, चापट की हातोडा?" असं विचारतात. "ढवळतंय का? लघवीला लागली आहे का?" मी एकदा म्हटलं, सरळ बरं आहे का विचारा की. तेव्हा त्यांनी त्यांची स्वतःची हकिकत सांगितली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्या तेव्हा पोटात कोणी करवत चालवावी तसं दुखत होतं. तेव्हाच्या सिस्टर तीनदा येऊन विचारून गेल्या, बरं आहे ना? तीनदा यांनी सांगितलं, बरं आहे.

"का हो पण?" मी विचारलं.

"ती इतक्या मायेने विचारत होती. तिला नाही कसं म्हणायचं?"

शेवटी दुखणं इतकं वाढलं की उलट्या सुरू झाल्या आणि तासाभराचं काम चार तासांवर गेलं. "आपल्याकडे बरं हा शब्द उत्तर नाही मामा," त्या म्हणाल्या. "तो समोरच्याला दिलेला पाट आहे. बसा, चहा घ्या, आणि जा."

आता मुद्द्यावर येतो. गेल्या वर्षी एक शिंपीणबाई आमच्याकडे आल्या. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या. पित्ताशयात खडे. दुर्बिणीतून काढायचे होते, मोठं काही नाही. पण दोनदा कळ येऊन गेली होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, तिसऱ्या वेळी आत पू झाला तर जिवावर बेतेल. त्या बुधवारी यादीत शेवटचं नाव त्यांचं. रिकव्हरी भरलेली, चार वाजून गेले, आणि मी त्यांना परत वॉर्डात नेलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आता पाणी पिऊ का?"

त्यानंतर मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं. पेशंट रिकव्हरीत फार रेंगाळतात, तेव्हा यापुढे प्रत्येकाला एक तास, तास झाला की वॉर्ड. तसा फलकही रंगवायला टाकला. सिस्टर त्यांच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, मला थोडे दिवस द्या, लोक कशामुळे थांबतात ते मी लिहून काढते. साहेब माणूस वाईट नाही, घाईत असतो एवढंच. त्यांनी दोन आठवडे दिले.

सिस्टरांनी शाळेची दोनशे पानी वही घेतली. प्रत्येक पेशंटच्या दोन वेळा लिहायच्या: वॉर्डात जायला तयार किती वाजता झाला, आणि प्रत्यक्षात गेला किती वाजता. दोन्हींच्या मध्ये कारण. आम्ही सगळे हसलो. मी तर म्हणालो, "सिस्टर, माझंही लिहा, मामा घरी जायला सकाळी आठपासून तयार आहेत."

पुढच्या बुधवारी शिंपीणबाई पुन्हा आल्या, आणि पुन्हा परत गेल्या. त्या दिवशी माझी पाळी दोनला संपली होती, म्हणून मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. घरी जायला निघालेल्या त्यांना मीच खुर्चीवरून फाटकापर्यंत नेलं. मला मनापासून वाईट वाटलं आणि मी वाटेत सगळ्या दवाखान्याला शिव्या घातल्या. डॉक्टरांना, साहेबांना, लिफ्टला, कुणाला म्हणून सोडलं नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "मामा, उपाशी राहिलं की देवसुद्धा पावतो म्हणतात. तुमचा दवाखाना काही पावत नाही. मी आता येणार नाही. व्हायचं ते होईल."

तेवढ्यात मागून सिस्टर आल्या, जवळजवळ धावतच. खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. बसलेली बाई आणि उभ्या सिस्टर, डोळे सारख्याच उंचीवर.

"पुढल्या बुधवारी या," सिस्टर म्हणाल्या. "तिसऱ्यांदा परत पाठवणार नाही."

"हे तुमच्या हातात आहे का?"

"सगळं नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण या."

शिंपीणबाईंनी मांडीवरची पिशवी सावरली. मग म्हणाल्या, "एकदाच येईन. शेवटचं."

मंगळवारी दुपारी साहेबांच्या खोलीत वहीचं वाचन झालं. साहेब, भुलीच्या डॉक्टरीणबाई, वॉर्डच्या सिस्टर, मी, आणि दुपारपाळीचा ट्रॉलीवाला, ज्याला आम्ही उंच मामा म्हणतो. चहा आला होता. सिस्टर उभ्या राहून वाचत होत्या. सुरुवातीला तब्येतीची कारणं. एक आजी भूल उतरायलाच दोन तास घेऊन गेल्या, वय झालं की तसं होतं. एक पैलवान गडी बरं आहे, बरं आहे म्हणत दुखणं गिळत बसला आणि त्याला औषध उशिरा मिळालं. पाठीत इंजेक्शन दिलेल्या दोघांचे पाय लवकर हलेनात. कुणाला हुडहुडी, कुणाला मळमळ. साहेब मान डोलवत होते.

मग दुसरी कारणं सुरू झाली. तीन नंबर पलंग, तयार बारा पन्नासला, गेला एक चाळीसला; कारण, वॉर्डात पलंगावर चादर नव्हती. वॉर्डच्या सिस्टरांनी कपात बघितलं. पाच नंबर, तयार अकरा वीसला, गेला बारा पाचला. कारण, सही राहिली, डॉक्टर आत पुढच्या पेशंटपाशी. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसायला घेतला. मला मजा येत होती. दुसऱ्याचं उणं ऐकायला कान नेहमीच तयार असतात.

"गेला बुधवार," सिस्टर वाचत होत्या. "दोन नंबर आणि चार नंबर. दोघेही दोन वाजता तयार. गेले पावणेतीनला. कारण, मामा 'येतो' म्हणाले."

"मी?" मी ताडकन उठलो. "गेल्या बुधवारी मी दोनलाच घरी गेलो. हजेरी बघा. घरी जायच्या आधी खालून फोनसुद्धा केला होता तुम्हाला."

"हो. काय म्हणालात?"

"म्हणालो, सिस्टर, येतो हं." आणि ते म्हणतानाच माझी जीभ टाळ्याला चिकटली.

वॉर्डच्या सिस्टर हसत सुटल्या, इतक्या की चहा बशीत सांडला. निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं, हे आईने मला चालायला शिकवलं त्याच सुमाराला शिकवलेलं. मी घरी निघालो होतो. सिस्टरांना वाटलं, मामा ट्रॉली घेऊन वर येताहेत. उंच मामा खाली बाकावर बसून होता, कारण त्याला कुणी बोलावलंच नाही. आणि वर दोन माणसं पाऊण तास ठणठणीत पडून होती.

"आणि त्यावर मी 'या' म्हणाले," सिस्टर म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. "तुम्हाला वाटलं, निरोप दिला. अर्धी चूक माझी आहे. तसं लिहिलंय." वही त्यांनी माझ्यापुढे धरली. खरंच लिहिलं होतं.

उंच मामाही हसायला लागला. मला मात्र हसू येईना, कारण मला तारीख कळली होती. त्या पाऊण तासापासून सगळं मागे पडत गेलं आणि शिंपीणबाईंची पाळी आली तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. फाटकापाशी मी ज्यांना ज्यांना शिव्या घातल्या, त्यांच्या यादीत पहिलं नाव माझं हवं होतं.

साहेबांनी वही स्वतः चाळली. "म्हणजे निम्म्याहून जास्त लोक तयार होऊनही पडून राहतात?"

"हो. आणि जे तयार नाहीत त्यांना तासाने बाहेर काढलं, तर ते वॉर्डात जाऊन बिघडतील."

"उद्याचा दिवस तुमच्या पद्धतीने करा," साहेब म्हणाले. "यादी पुरी झाली तर ठीक. नाही झाली तर परवा फलक लागेल."

घरी गेल्यावर मी हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "मग निघालो म्हणायचं." मी म्हटलं, अगं, निघालो म्हणजेही इकडून निघालो की तिकडे यायला निघालो? मग आम्ही दोघं रात्रीचं जेवण होईपर्यंत शब्द शोधत बसलो, आणि घरी जातोय हे सरळ सांगणारा एक धड शब्द सापडेना. सकाळी सिस्टरांनी दोन शब्दांत निकाल लावला. फोनवर म्हणायचं तर "वर" म्हणायचं, नाहीतर "घरी". तिसरं काही बोलायचं नाही.

बुधवार उजाडला. शिंपीणबाई आल्या होत्या. वॉर्डातल्या कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, ती त्यांनी उघडलीच नव्हती.

त्या दिवशी काम कसं झालं ते बघायला हवं होतं. पेशंट रिकव्हरीत आला, की त्याच क्षणी वॉर्डला फोन, पलंग तयार ठेवा. पूर्वी तो तयार झाल्यावर फोन जायचा. डॉक्टरीणबाई दोन ऑपरेशनांच्या मधल्या पाच मिनिटांत बाहेर येऊन सगळ्यांना तपासून सह्या करून जात होत्या. पांघरुणं आधीच गरम. मी तर लिफ्टच्या दाराला पाय लावूनच उभा. दोनला माझी पाळी संपली. मी खालून फोन लावला.

"सिस्टर, वर," मी म्हणालो. मग त्या म्हणाल्या, "बरं." त्या दिवशी ते उत्तर होतं.

एवढं करूनही साडेतीनला सहाच्या सहा पलंग भरले. आत टेबलावरचं ऑपरेशन संपत आलं होतं. तो पेशंट बाहेर आला तरच शिंपीणबाई आत, आणि तेही चारच्या आत. एक पलंग हवा होता.

तीन नंबरवर एक निवृत्त मास्तर होते. पावणेदोन तास झाले होते. जागे होते, मला नाव-गाव विचारत होते, सतराचा पाढाही म्हणून दाखवला. साहेब दारात आले, घड्याळ बघितलं, मास्तरांकडे बघितलं.

"यांना हलवा. चांगले बोलताहेत. ती बाई तरी आत जाईल."

मला वाटलं, सुटलो. मी ट्रॉली पुढे घेतलीसुद्धा. सिस्टरांनी ट्रॉलीच्या दांड्यावर हात ठेवला.

"मास्तर बोलत असले की ठीक असतात," त्या म्हणाल्या. "डोळा लागला की श्वास मंद होतो. आत्ता दोनदा झालं. वॉर्डात यांच्याजवळ बसायला कुणी नाही."

"सिस्टर, त्या बाईंना शब्द तुम्ही दिलाय."

"दिलाय," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापरा ऐकला मी. "पण तो मास्तरांच्या श्वासावर नाही दिलेला."

साहेबांनी पुन्हा घड्याळाकडे बघितलं. मीही. खरं सांगतो, मला त्या क्षणी सिस्टरांचा राग आला होता. अशी कशी ही हट्टी बाई, असं वाटलं.

त्या वळल्या. "पाच नंबर तीन वीसपासून तयार आहे. का गेला नाही?"

वॉर्डला फोन लावला तर कळलं, पलंग रिकामा नाही. आधीच्या पेशंटला सकाळीच सुट्टी झाली होती, पण ते गृहस्थ पलंगावरच बसून होते. मी जिन्याने खाली गेलो, लिफ्टची वाट बघितली नाही. गृहस्थ घरचे कपडे घालून, भांग पाडून, मांडी घालून बसलेले.

"काका, घरी नाही का जायचं?"

"मुलगा चपला आणायला गेलाय. येतो म्हणाला."

मी त्यांच्यापुढे हातच जोडले. "काका, येतो म्हणणाऱ्या माणसांवर विसंबू नका. मी त्यातलाच आहे." आणि माझ्या चपला काढून त्यांच्या पायांत सरकवल्या, त्यांना बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. वॉर्डच्या सिस्टर चादर घेऊन उभ्याच होत्या. आजपर्यंत कुणी इतक्या वेगाने चादर घातलेली मी पाहिली नाही. मी अनवाणीच वर पळालो. पाच नंबर खाली गेला, टेबलावरचा पेशंट पाच नंबरवर आला, आणि तीन वाजून बावन्न मिनिटांनी शिंपीणबाई आत गेल्या. जाताना त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, पण विचारलं काही नाही.

पाचच्या सुमाराला त्या बाहेर आल्या. खडे निघाले होते, एक तर सुपारीएवढा. आम्ही सगळे खुशीत. तोवर मास्तरही नीट झोपायला लागले होते, झोपेतही श्वास नीट चालू होता, आणि सव्वापाचला उंच मामाने त्यांना वॉर्डात नेलं. यादी पुरी झाली. फलक लागणार नव्हता.

शिंपीणबाईंचं मात्र काही केल्या मार्गी लागेना. आधी कुडकुडल्या, मग उलट्या. सहा वाजले, साडेसहा वाजले. बाकीचे पाच पलंग एकेक करून रिकामे झाले, दिवे अर्धे मालवले, आणि त्या मोठ्या खोलीत एकच पलंग उरला. सिस्टरांची पाळी कधीच संपली होती. त्या भांडं धरायच्या, तोंड पुसायच्या, औषध द्यायच्या आणि पुन्हा स्टुलावर बसायच्या. मी घरी जायला हवं होतं. पाय निघेना.

शिंपीणबाईंनी डोळे उघडले तेव्हा त्यांना रिकामे पलंग दिसले असावेत. त्या घाबरल्या. उठायचा प्रयत्न करू लागल्या.

"मी अडवून ठेवलंय का सगळ्यांना?" त्या म्हणाल्या. "न्या मला. मला बरं आहे."

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "अजून बरं नाही."

"मग किती वेळ ठेवणार इथे?"

"तुम्हाला लागेल तेवढा. सकाळपासून आम्ही सगळे त्यासाठीच पळत होतो."

शिंपीणबाई पुन्हा उशीवर टेकल्या. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मलाही भरून आलं, ते मी लपवलं नाही, लपवायला तिथे होतंच कोण. थोड्या वेळाने त्यांनी सिस्टरांचा हात धरला, कुशीवर वळल्या आणि म्हणाल्या, "हातोडा नाही. पण चापट आहे." सिस्टर औषध आणायला उठल्या.

सात वाजून दहा मिनिटांनी मी त्यांना वॉर्डात नेलं, सावकाश.